दारू सुटली की मार सुटेल?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या बाई शेती करतात आणि गावातल्या एका बचत गटाच्या सचिव आहेत. त्यांच्या अंगणाला लागून भावकीतलं घर आहे. तिथली सून, तिशीतली, दोन मुलांची आई, नवऱ्याचा मार खाते. नवरा दारू पितो. गेल्या वर्षी तिचा हात मोडला तेव्हा माहेरची माणसं आली, गावच्या तंटामुक्ती समितीपुढे बैठक झाली, नवऱ्यानं नारळावर हात ठेवून शपथ घेतली आणि तिला परत नांदायला पाठवलं. दिवाळीच्या आत पुन्हा सुरू झालं. गटातल्या बायकांनी आता गावातलं देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. बाई विचारतात: "दुकान बंद झालं की हे थांबेल ना? तोवर मी मध्ये पडावं का? भावकी आहे, उद्या बांधावरून भांडण निघेल. आणि तीच उलटली, 'काही झालंच नाही' म्हणाली, तर मी तोंडघशी पडेन. माझा पंधरा वर्षांचा मुलगा परवा म्हणाला, 'वहिनीनंच तोंड चालवलं असेल.' त्या रात्री मला झोप लागली नाही."

ताई,

तुमच्या पत्रात ओघात आलेली एक ओळ आहे: "श्रावण मात्र तो पाळतो, महिनाभर घेत नाही." आणि तिचा हात मोडला तो श्रावणातच. त्या दिवशी तिनं गटाचं कर्ज उचलून मुलीची फी भरली होती, नवऱ्याला न विचारता, हेही तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तिला आजवरचा सगळ्यात वाईट मार पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसानं दिला. पैसे कुठे खर्च करायचे हे तिनं एकटीनं ठरवलं, एवढंच त्यामागचं कारण.

दारूचा आणि माराचा संबंध नाही असं मी म्हणणार नाही. आहे, आणि मोठा आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांच्यातलाही आकडा २३ टक्के निघाला. जवळजवळ चौघींत एक. दुकान उद्या उठलं तरी या चौथीच्या घरात काही बदलणार नाही.

आता शेजारच्या घराकडे पुन्हा बघा. तो पिऊन घरी येतो तेव्हा वाटेत कोण कोण भेटतं? दुकानदार, पारावरची माणसं, ज्याच्या ट्रॅक्टरवर तो कामाला जातो तो मालक. त्यांच्यापैकी कुणावर त्यानं कधी हात उचलला आहे? "बाहेर अगदी गरीब गाय," असं तुम्हीच लिहिता. झिंगलेल्या माणसालाही कुणाला मारलं तर काय होईल याचा हिशेब बरोबर जमतो. मालकाला मारलं तर काम जाईल. बायकोला मारलं तर फार तर नारळावर हात ठेवावा लागेल. दारूनं त्याचा हात सैल होतो, मार जोरात बसतो आणि सकाळी "मला आठवत नाही" म्हणायची सोय होते. पण ही बाई माझी आहे आणि तिला वळणावर ठेवायचा हक्क माझा आहे, ही समजूत त्याला दुकानात विकत मिळालेली नाही. ती त्याला आपण सगळ्यांनी मिळून दिली आहे.

"आपण" हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण त्यात बायकाही आल्या. त्याच सर्वेक्षणात विचारलं होतं की बायको न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्या कारणावरून नवऱ्यानं मारलं तर ते योग्य आहे का? ४४ टक्के पुरुष 'हो' म्हणाले. बायका म्हणाल्या ४५ टक्के. तुमच्या मुलाचं वाक्य यातूनच आलं आहे. त्यानं ते घरात, शाळेच्या वाटेवर, लग्नाच्या मांडवात शंभरदा ऐकलं असणार.

मग सह्या गोळा करणं थांबवायचं का? नाही, जरूर करा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घेता येतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. याचा अर्थ, जी बाई मतदानाला येणार नाही तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं आहे, म्हणून घरोघरी जाऊन बायकांना बाहेर काढावं लागेल. दुकान गेल्यानं घरात चार पैसे राहतील, संध्याकाळी रस्त्यानं मुलींना नीट चालता येईल. हे थोडं नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली, हेही ध्यानात ठेवा. बंदी येते आणि जाते, शेजारच्या गावची हातभट्टी तर असतेच. मला काळजी वेगळीच वाटते. "दारूमुळे होतं" असं एकदा गावानं ठरवलं की मारणारा माणूस आपोआप निर्दोष सुटतो, आणि दुकान बंद झाल्यावरही मार चालू राहिला तर बोट तिच्याकडे वळतं: "आता तर पीतही नाही, मग हिचंच काहीतरी असेल."

तर, मध्ये पडावं का? हो. पण रागाच्या भरात आणि एकटीनं नको.

पहिलं काम तिच्याशी एकांतात बोलण्याचं. घरात नको, सासूसमोर तर नकोच. खुरपणीला, दळणाला, गटाच्या बैठकीनंतर, जिथे दोघींना अर्धा तास मिळेल तिथे. "तू सोडून का देत नाहीस?" हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नका, कारण त्याचा अर्थ तिला "राहतेस म्हणजे तुझंच चुकतंय" असा ऐकू येतो. "मला आवाज येतात, मला माहीत आहे, तुझी यात काही चूक नाही, तुला काय हवंय ते सांग," एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती कदाचित म्हणेल, "काकी, काही नाही, जाऊ द्या." जाऊ द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा बोला. हिंसा सोसणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणी ते कधीच कुणाला सांगत नाहीत, मदत मागणं तर दूरच. पहिल्या झटक्यात ती मन मोकळं करेल अशी अपेक्षाच ठेवू नका.

ती बोलायला लागली की काही गोष्टी नक्की विचारा. त्यानं कधी गळा दाबला आहे का? जिवे मारण्याची किंवा स्वतः जीव देण्याची धमकी दिली आहे का? कोयता, फवारणीचं औषध, रॉकेल हातात घेतलं आहे का? संशय घेतो का, माग काढतो का? तिच्या स्वतःच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी तिच्या जिवाची व्यवस्था, बाकी सगळं नंतर. औषधाच्या बाटल्या त्या घरातून हलवता आल्या तर हलवा. आणि बाई घर सोडायचं ठरवते त्या दिवसांत धोका कमी होत नाही, उलट वाढतो. म्हणून "निघ तू, बघू काय होतं ते" असं म्हणून तिला रात्री बाहेर काढू नका. कुठे जायचं, कुणाबरोबर, मुलं कशी न्यायची, हे आधी ठरू द्या. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले यांच्या प्रती भावकीबाहेरच्या एखाद्या विश्वासू घरी ठेवून घ्या. थोडे पैसेही.

मारहाण चालू असताना काय करायचं हे गटातल्या चार-पाच जणींनी मिळून आजच ठरवून ठेवा. आवाज आला की एकीनं दुसरीला फोन करायचा आणि सगळ्यांनी मिळून त्या दारात जायचं. भांडायला नाही. "विरजण आहे का गं?" म्हणून हाक मारली तरी चालेल, अंगणात नुसतं उभं राहिलात तरी चालेल. त्याला कळलं पाहिजे की भिंतीपलीकडे ऐकू जातंय आणि ऐकणारी माणसं आली आहेत. बरोबर एक-दोन पुरुष असतील तर फार बरं. कुणाला गंभीर इजा होईल असं वाटलं तर ११२ वर फोन करा आणि आपलं नाव त्याला सांगू नका असं फोनवरच सांगा. सल्ल्यासाठी आणि मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

पुढच्या वेळी तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर "पाय घसरून पडले" असं तिथे सांगू नये, हे तिला आधीच समजावून ठेवा. तिचा मोडलेला हात केसपेपरवर "घसरून पडल्यामुळे" म्हणून नोंदला गेला आहे, असं तुम्ही लिहिता. पुढे कोर्टात हाच कागद तिच्या विरोधात दाखवला जाईल.

बांधावरच्या भांडणाची तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच हे काम तुम्ही 'अमक्याची चुलती' म्हणून एकटीनं करू नका, गटाचं म्हणून करा. कायद्यानंही तुम्हाला आडोसा दिला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातल्या चौथ्या कलमानुसार कुणीही, शेजाऱ्यानंसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो आणि ती चांगल्या हेतूनं दिली असेल तर माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीच जबाबदारी येत नाही. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. तालुक्याला चौकशी करा किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा. या कायद्यात तिला घर सोडावं लागत नाही. घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा तिचा हक्क आहे. मारहाण करू नये असा आदेश, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे तिला आधी सांगून ठेवा म्हणजे धीर सुटणार नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता त्या तंटामुक्ती समितीविषयी. तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ती माणसं वाईट आहेत असं मला अजिबात वाटत नाही. गावात भांडण राहू नये, कोर्टकचेरी होऊ नये, यासाठीच २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधाच्या, वाटणीच्या, पाण्याच्या भांडणांत तिचा उपयोगही झाला. पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंची थोडी थोडी चूक असू शकते. इथे एकानं दुसरीचं हाड मोडलं आहे. तिला नवऱ्याशेजारी बसवून सगळ्यांसमोर "तुझं काय म्हणणं आहे?" असं विचारलं, तेव्हा त्याच रात्री ज्या घरात परत झोपायचं आहे त्या घरातल्या माणसाविरुद्ध ती काय बोलणार होती? मग विषय निघाला फीच्या कर्जाचा. "न विचारता कर्ज घ्यायला नको होतं," असं तिच्याकडूनही कबूल करून घेतलं गेलं. शपथ त्यानं एकट्यानं घेतली, पण चूक दोघांत वाटली गेली. त्याला यातून जे समजायचं ते समजलं, म्हणून दिवाळीपर्यंतही थांबला नाही.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले, त्यांत समुपदेशकानं कसं वागावं हे लिहिलं आहे. हिंसेचं समर्थन करणारी कारणं तिथे मांडूच द्यायची नाहीत आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी त्या माणसाकडून घ्यायची. ती चर्चा कोर्टाच्या देखरेखीखाली होते. आपल्या गावच्या बैठकीत नेमकं उलटं होतं, पहिला अर्धा तास कारणं ऐकण्यातच जातो. समितीचे अध्यक्ष ऐकून घेणारे आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, तर गटातर्फे त्यांना भेटा. मारहाणीचं प्रकरण आलं की समितीनं तडजोड करायला बसू नये, तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे जायला मदत करावी, एवढं मागा. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आता असे कक्ष राज्याच्या जिल्ह्यांमध्ये पोलिसांबरोबर काम करतात आणि तिथे प्रशिक्षित समाजसेविका भेटतात. आणि तरीही तिची स्वतःची इच्छा बोलणी करण्याचीच असेल, तर तिचं म्हणणं आधी वेगळं, बायकांसमोर ऐकावं. नवऱ्याला "असं का झालं?" हे विचारू नये. हमी लेखी घ्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठ दिवसांनी, महिन्यानं, तीन महिन्यांनी कोण त्या घरी जाऊन तिला विचारणार, हे नावानिशी ठरवावं. मागच्या वेळी शपथेनंतर समितीतलं कुणी तिच्या दारात गेलं होतं का? तुमच्या पत्रात तरी तसा उल्लेख नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकते. तुमच्याकडे ती खरोखर भरवा आणि मारहाणीच्या प्रकरणात समितीनं तडजोड करू नये, असा ठराव तिथून वर पाठवा. ठरावानं काय होतं असं कुणी म्हणालं तर हेरवाडचं उदाहरण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनं तसंच करण्याचं आवाहन सगळ्या ग्रामपंचायतींना केलं.

ग्रामसभेत जमिनीचा विषयही काढा. त्या सुनेच्या नावावर काय आहे? घर नाही, शेत नाही. केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावावर घर किंवा जमीन काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार सोसला होता. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. जिला जायला स्वतःची जागा आहे, तिच्यावर हात टाकताना माणूस विचार करतो. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचं अभियान चालवलं. ज्या गावातले शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करतील, त्या गावाचा लक्ष्मीमुक्त गाव म्हणून सन्मान व्हायचा. त्यातलं शहाणपण मला या शंभरात दिसतं. एकट्या बाईनं "सातबाऱ्यावर माझं नाव लावा" म्हटलं तर तिच्याच घरात वणवा पेटेल. गावानं मिळून केलं तर कुणा एकीवर रोख येत नाही. म्हणून हे तिला एकटीला मागायला लावू नका. ज्यांच्या घरात हे सहज होऊ शकतं अशा तुम्ही दहा जणी आधी पुढे व्हा.

आणि पुरुष? त्याला मालक विचारेल, मित्र विचारतील, पारावर कुणीतरी म्हणेल, "हात उचलतोस म्हणे बायकोवर, आम्हाला नाही पटत," तर त्या वाक्याचा त्याच्यावर जो परिणाम होईल तो तुमच्या दहा फेऱ्यांचा होणार नाही. गावात न मारणारे पुरुष बरेच आहेत. ते बोलत मात्र नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मारणारा आपल्या सोयीनं लावतो. युगांडात कंपाला शहराच्या वस्त्यांमध्ये काही वर्षं एक प्रयोग झाला. तिथल्याच साध्या माणसांनी शेजाऱ्यांशी, दुकानात, नाक्यावर, घरात कुणाचं चालतं आणि का, यावर सतत बोलायचं ठरवलं. वस्त्यांची तुलना केली तेव्हा असं काम झालेल्या ठिकाणी जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण निम्म्यानं कमी आढळली. महाराष्ट्रातही 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अ‍ॅब्यूज' ही पुरुषांनी उभी केलेली संस्था १९९३ पासून तरुण मुलांबरोबर हेच काम करते आहे. तुमच्या गावातलं गणेश मंडळ, तालीम, कबड्डीचा संघ यांतल्या दोन समंजस पोरांना तुम्ही नावानं ओळखत असाल. त्यांच्यापासून सुरुवात करा. तुमच्या यजमानांचं पत्रात नावच नाही, ताई. चुलता म्हणून त्यांचा शब्द त्या घरात चालतो. त्यांना हे पत्र दाखवलं नसेल तर ही ओळ तरी वाचून दाखवा.

मुलाला ओरडू नका. "तोंड चालवलं असेल" असं तो म्हणाला, तर शांतपणे विचारा, "चालवलं असेल, मग? तू माझ्याशी रोज तोंड चालवतोस, मी तुझा हात मोडू का? सरांनी मोडावा का?" त्याला उत्तर शोधायला वेळ द्या. मग त्याला हेही सांगा की शेजारची ती दोन पोरं भिंतीच्या आत सगळं बघतात आणि त्यांना अभ्यासाला, जेवायला आपल्याकडे हाक मारायचं काम त्याचं. पंधरा वर्षांच्या मुलाला भाषण नको असतं, काम दिलेलं आवडतं. घरात तुमचे यजमान तुमच्याशी कसं बोलतात, पैशाचा निर्णय कोण घेतं, बहीण असेल तर तिच्या ताटात आणि त्याच्या ताटात काय पडतं, हे तो रोज बघतो. तिथे काही बदलण्यासारखं असेल तर ते तुम्हालाच माहीत.

राहिली तुमची शेवटची भीती, ती उलटली तर? उलटू शकते. तक्रार देईल आणि मागे घेईल, माहेरी जाईल आणि परत येईल, तुमच्याशी बोलणंही काही दिवस बंद करेल. दोन मुलं, रिकामे हात आणि "दिल्या घरी सुखी राहा" म्हणणारं माहेर घेऊन ती जो निर्णय घेईल, तो तिला त्या दिवशी जमण्यासारखा असेल. बायका फार वेळा परत जातात आणि मगच कधीतरी कायमच्या बाहेर पडतात, किंवा त्याच घरात मार बंद करून राहतात. तेव्हा लोक तुम्हाला हसले तर हसू देत. तिच्याशी अबोला धरू नका आणि "मी तुला सांगितलं होतं" असं म्हणू नका. कागदपत्रं जिथे ठेवली आहेत तिथेच राहू द्या. आणि गटातलं तिचं खातं चालू ठेवा, हप्ते थकले तरी.